वेडा शास्त्रज्ञ, देव शास्त्रज्ञ आणि दुधाळ्याचं शिवार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची, म्हणजे अवकाशकाळातल्या सूक्ष्म लहरींची, वेधशाळा व्हायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या आणि नळ्यांतून धावणारा लेझर. एवढं वर्णन केलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिनेमाच उभा राहतो: लाल दिवे, धोक्याचा भोंगा, केस पिंजारलेला म्हातारा आणि शेवटी स्फोट. हळद-सोयाबीनच्या शेतांशेजारी जगातली एक अत्यंत नाजूक मोजणी होणार आहे आणि ती समजून घ्यायला आमच्यापाशी शिदोरी आहे ती ‘मिस्टर इंडिया’तल्या अदृश्य करणाऱ्या मनगटी यंत्राची आणि ‘रोबोट’मधल्या चिट्टीची.

यावर कुरकुर केली की चार उत्तरं हमखास मिळतात. सिनेमा हा सिनेमा असतो, मनावर काय घ्यायचं? विज्ञान तेवढं अचूक दाखवा, बाकी सगळं चालतं. शास्त्रज्ञाला थोर दाखवा म्हणजे मुलांना प्रेरणा मिळते. आणि शास्त्रज्ञाचं खरं काम इतकं रटाळ असतं की ते दाखवलं तर थिएटरात काळं कुत्रं फिरकणार नाही. चारही उत्तरं मला अमान्य आहेत. ती एकेक करून तपासू.

पहिलं उत्तर अर्धं खरं आहे. ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली आला, पण तो पाहून कोणी अदृश्य व्हायला निघालं नाही. मात्र गोष्ट विसरली तरी तिच्यातला माणूस डोक्यात घर करून राहतो. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने १९८३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. ४८०७ शाळकरी मुलांना त्यात शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. वरच्या वर्गांकडे जावं तसतसा चित्रांतला पांढरा कोट, चष्मा आणि दाढी यांचा भरणा वाढत गेला. शास्त्रज्ञ म्हणून बाई आली ती फक्त २८ चित्रांत आणि ती सगळी मुलींनी काढलेली. यातल्या कितीशा मुलांनी प्रत्यक्ष शास्त्रज्ञ पाहिला असेल? त्यांच्या कागदावर उतरला तो कॉमिक्समधला आणि पडद्यावरचा.

हे निरुपद्रवी आहे म्हणावं तर सप्टेंबर २००८ आठवून पाहा. जिनिव्हाजवळचा महाकाय कणवेगवर्धक सुरू होणार होता आणि आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्या दिवसरात्र पृथ्वीच्या अंताची घटका मोजत बसल्या होत्या. या भीतीपायी मध्य प्रदेशात एका मुलीने जीव दिल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. त्या वाहिन्यांनी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. त्यांनी वेड्या शास्त्रज्ञाची जुनी पटकथा उघडली होती आणि ती पाहणाऱ्यांनाही तोंडपाठ होती.

हिंगोलीला तर याची जास्तच धास्ती वाटायला हवी. २१ मार्च २०२४ च्या सकाळी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शेजारच्या नांदेड-परभणीपर्यंत तो जाणवला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, ही तर अधूनमधून येणारी बातमी. वेधशाळा सुरू झाल्यावर असाच एखादा हादरा बसला, तर ‘त्या नळ्यांतून खाली काहीतरी सोडलं असणार’ हे वाक्य पारावर पोचायला कितीसा वेळ लागेल? खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. हे यंत्र जमीन हलवत नाही, जमिनीच्या हलण्याने तेच हैराण होतं. त्याचे चाळीस-चाळीस किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकावर टांगलेले असतात ते जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून. दूरच्या देशात मोठा भूकंप झाला तरी इथली नोंद बंद पडू शकते. हे यंत्र आभाळात किंवा जमिनीत काही सोडत नाही, येईल ते फक्त टिपतं. पण कान देऊन बसलेला शास्त्रज्ञ सिनेमाने आम्हाला कधी दाखवलाच नाही.

दुसरं उत्तर जास्त सोज्ज्वळ दिसतं, म्हणून जास्त फसवं आहे. विज्ञान अचूक असलं की चित्रण चांगलं, असं मानणाऱ्यांनी ‘इंटरस्टेलर’ पुन्हा पाहावा. २०१४ च्या या सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार होते किप थॉर्न. गुरुत्वलहरींच्या शोधासाठी २०१७ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांपैकी ते एक. पडद्यावरचं कृष्णविवर त्यांच्या समीकरणांवरून रेखाटलेलं आहे आणि त्याला नाव ठेवायला फारशी जागा नाही. पण मानवजात वाचते कशी? मर्फ नावाची एक बुद्धिमान बाई एकटीच कोडं सोडवते, ‘युरेका’ म्हणून ओरडते आणि कागद उधळते. कृष्णविवर बरोबर, पण विज्ञान चुकलं. ज्या शोधाने थॉर्न यांना नोबेल मिळवून दिलं, त्याच्या निबंधावर एक हजाराहून अधिक जणांची नावं आहेत. त्यांत पुण्याच्या आयुकातले आणि इतर भारतीय संस्थांतले लोकही आहेत. गोंगाटात पुरलेला संकेत गणिताने कसा उकरून काढायचा, यावर आयुकाचे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या आसपासपासून काम करत होते. तेव्हा गुरुत्वलहर कोणाच्या हाती लागलेली नव्हती आणि ती लागायला आणखी पंचवीसेक वर्षं जायची होती. एवढ्या वर्षांत उधळण्याजोगे कागद कितीदा हाती आले असतील, याची कल्पना पटकथालेखकाने करून पाहावी.

तिसरं उत्तर शास्त्रज्ञाला थोर दाखवण्याचं. ‘रोबोट’मधला कामापायी दाढी वाढवून प्रेयसीला विसरणारा वसीगरन आणि ‘क्रिश’मधला भविष्य पाहण्याच्या हव्यासाने झपाटलेला सिद्धांत आर्य ही एक जात झाली. तिला उतारा म्हणून आता चरित्रपर चित्रपट आणि मालिका निघतात. ‘मिशन मंगल’मध्ये नियंत्रणकक्षात साड्या नेसलेल्या बायका दिसल्या, याचं मोल मी कमी करणार नाही. चेंबर्सच्या त्या २८ चित्रांनंतर हे घडणं गरजेचंच होतं. पण तिथेही अख्खी मंगळमोहीम तरते ती पुऱ्या तळताना सुचलेल्या युक्तीवर! म्हणजे अवतार बदलला, चमत्कार तोच राहिला. वेड्या शास्त्रज्ञाला प्रश्न विचारता येत नाही, कारण तो ऐकत नाही. देव शास्त्रज्ञाला विचारता येत नाही, कारण पाप लागतं. ज्या धंद्याचं सगळं भांडवल प्रश्न विचारण्यावर उभं आहे, त्याचं चित्रण प्रश्नालाच दार बंद करणारं निघावं, याला प्रेरणा कसं म्हणायचं?

आपल्याकडे अपवाद नाहीत असं नाही. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ घ्या. पंकज कपूरने त्यात साकारलेला डॉक्टर कुष्ठरोगावरची लस शोधतो आणि सरकारी खातं त्याची बदली आडगावी करून टाकतं. हा माणूस चिडका आहे, बायकोशी तुसडेपणाने वागतो, चुकतो. पण तो काम करताना दिसतो. त्याच्याभोवती फायली, वरिष्ठांचा मत्सर, पत्रव्यवहार असा सगळा पसारा दिसतो. त्याला वेडा किंवा देव न करताही प्रेक्षक हलला.

आता शेवटचं उत्तर, काम रटाळ असतं हे. हे म्हणणाऱ्याला १६ सप्टेंबर २०१० ला काय घडलं ते ठाऊक नसावं. त्या दिवशी अमेरिकेतल्या लायगोच्या आणि युरोपातल्या व्हर्गोच्या यंत्रांत एक सुरेख संकेत उमटला. तो श्वान तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा वाटला म्हणून त्याचं टोपणनाव पडलं ‘बिग डॉग’. मात्र एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. यंत्रणेची परीक्षा घ्यायला मोजक्या दोन-चार जणांना खोटा संकेत गुपचूप घुसवण्याची मुभा होती. हा खरा की घुसवलेला? शेकडो लोकांनी सहा महिने आकडे पिंजले, वाद घातले, निबंधाचा मसुदासुद्धा तयार केला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावी सगळे जमले आणि गुपित फोडण्यात आलं. संकेत खोटा होता. यापेक्षा चांगला कळसाध्याय कोणता पटकथाकार रचून दाखवेल? आणि १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली, तेव्हा ज्यांनी ती पाहिली त्यांच्या मनात पहिला संशय आला तो ‘हाही घुसवलेलाच असणार’ हाच. कोणी खोडसाळपणे यंत्रणेत शिरलं नाही ना, याचीसुद्धा चौकशी झाली. जगाला सांगितलं ते ११ फेब्रुवारी २०१६ ला, पाच महिने स्वतःला खोटं पाडण्याचा प्रयत्न करून झाल्यावर.

विनोदही हवा असेल तर अमेरिकेतल्या हॅनफर्डचे डोमकावळे आहेत. तिथल्या लायगोच्या वेधशाळेत मध्येच विचित्र टकटक नोंदली जाऊ लागली. लोक नळ्यांच्या बाजूने शोधत गेले, तेव्हा द्रव नायट्रोजनच्या नळीवर साचलेल्या बर्फावर चोचीच्या खुणा सापडल्या. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचून खात होते आणि प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटींनी लहान हालचाल टिपणारं यंत्र त्यांची न्याहारी इमानेइतबारे नोंदवत होतं. औंढ्याकडच्या वाचकाला हे समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

खंडन इथवर पुरे. माझं म्हणणं असं की कथा-सिनेमाने विज्ञानाचा निकाल नव्हे, विज्ञानातली परीक्षा दाखवावी. ही परीक्षा या मुलखाला नवी नाही. नामदेवांचं गाव मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात आहे. गोरोबा कुंभारांनी थापटी घेऊन संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली, त्यात साक्षात विठ्ठलाशी बोलणारे नामदेवच कच्चे ठरले, ही कथा मराठी घरात कोणाला माहीत नाही? नामदेव आधी रुसले, पण शेवटी औंढ्याला येऊन विसोबा खेचरांपुढे बसले. ‘बिग डॉग’ ही लायगोची थापटीच होती. शेकडो विद्वानांनी ती आपण होऊन डोक्यावर मारून घेतली. उलट मेरीलँडचे जोसेफ वेबर यांचं उदाहरण पाहा. त्यांनी १९६९ मध्ये अॅल्युमिनियमच्या दंडगोलांवर गुरुत्वलहरी सापडल्याचं जाहीर केलं. इतरांना त्या सापडेनात. वेबर मात्र अखेरपर्यंत आपल्या दाव्याला चिकटून राहिले. तरी या क्षेत्राची वाट त्यांनीच पाडली. यात खलनायक नाही, मूर्ख नाही, तरी शोकांतिका आहे. जिथे वारकरी परंपरा ‘कच्चा’ हा शेरा सोसण्याला मोठेपण मानते, तिथल्या वाचकाला अशी माणसं परकी वाटणार नाहीत.

मराठीत याची वाट आधीच पडलेली आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. ती आपल्या नावावर तरून जाऊ नये, म्हणून. थापटीची हौस म्हणतात ती हीच! त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा लोकांना आवडते ती कक्षेच्या गणितासाठी नव्हे. त्यातले दत्तदा हे हौशी निरीक्षक आहेत. ते घरच्या दुर्बिणीतून धूमकेतू शोधतात, तो पृथ्वीवर येऊन आदळणार अशी भीती उभी राहते आणि घरात शांतियज्ञ मांडला जातो. विज्ञान तिथे घरातल्या माणसांत, भीतीत आणि वादावादीत उभं राहतं. नारळीकर विज्ञानकथेत विज्ञानाच्या शुद्धतेला फार महत्त्व देत, ते योग्यच होतं. मला त्यात एवढंच वाढवावंसं वाटतं की तथ्यं शुद्ध असणं ही निम्मीच अट झाली. उरलेली अट कामाच्या चित्रणाची.

दुधाळ्याला ही अट तातडीची होणार आहे. यंत्र बसलं म्हणजे दुसऱ्या दिवशी शोध लागत नाही. ट्रॅक्टर, वाहनं, वारा, जमिनीची थरथर यांचे आवाज ओळखून ते वजा करण्यात आधी बराच काळ जाईल. सिनेमावर पोसलेला माणूस तेव्हा विचारणार, ‘एवढे कोटी घातले, मग सापडलं काय?’ प्रश्न रास्त आहे आणि प्रसिद्धिपत्रकातलं उत्तर कोणी वाचणार नाही. गोंगाट वजा करणं हेच या घडीचं काम आहे, हे त्याला गोष्टीतूनच पटवावं लागेल. ती गोष्ट लिहिण्याची जबाबदारी शास्त्रज्ञांवर ढकलता येणार नाही. ती आपली, लिहिणाऱ्यांची आहे आणि पहिला ट्रॅक्टर नोंदला जाण्याआधी ती लिहून झालेली बरी.