सैंधव, पूर्वज आणि रक्तदाब : एका दाव्याची उलटतपासणी

(१) "आपले पूर्वज सैंधव खात, म्हणून त्यांना रक्तदाबाचा विकार नव्हता." हे विधान इतिहासाच्या नावाने केले जाते; तेव्हा त्याची परीक्षा इतिहासाच्याच कसोट्यांवर व्हावयास हवी. उदाहरणादाखल समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेला अहिल्यानगर जिल्हा घेऊ.

(२) पहिला प्रश्न : पूर्वज खात काय होते? सैंधवाच्या खाणी खेवड्याच्या, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या. नगरकडे रेल्वे येण्यापूर्वी कोकणातील मिठागरांचे मीठ वंजारी-लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवीत आणि परतताना धान्य नेत. कुणब्याच्या रोजच्या भाकरीतले मीठ समुद्राचे. शेंदेलोण प्रामुख्याने उपवासाचे व औषधाचे. 'पूर्वज' असे सरसकट म्हणताच हा भेद पुसला जातो.

(३) दुसरा प्रश्न : विकार नव्हता, हे मोजले कोणी? दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे साधन १८९६ चे. कोरोत्कोव्ह यांची नाडीचा आवाज ऐकण्याची पद्धत १९०५ ची. त्याआधी नोंद नाही, कारण मापच नव्हते. नोंदीचा अभाव हा घटनेच्या अभावाचा पुरावा नव्हे.

(४) मग जुने ग्रंथ काय सांगतात? चरकसंहितेने लवणांमध्ये सैंधव श्रेष्ठ मानले, हे खरे. परंतु त्याच संहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण यांचा अतिरेक टाळण्यास सांगितले आहे. आधार म्हणून बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर येथील अतिलवण खाणाऱ्या लोकांचे दाखले दिले आहेत. अर्धे वचन उचलणे म्हणजे ग्रंथप्रामाण्य नव्हे.

(५) लोकसमूहांची तुलना करण्याची हीच रीत १९८८ च्या 'इंटरसॉल्ट' अभ्यासात मोठ्या प्रमाणावर दिसते : ५२ ठिकाणे, १०,०७९ माणसे. तिची मर्यादाही तेथेच उघड झाली. अत्यल्प मीठ खाणारे, यानोमामींसारखे चार समूह वगळले, की ठिकाणाठिकाणांतील मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध धूसर होई. वयाबरोबर रक्तदाब वाढण्याशी असलेला संबंध मात्र टिके. अरण्यातील माणसाचे केवळ मीठच वेगळे नसते, सारे जीवनच वेगळे असते.

(६) म्हणून प्रयोग हवा. चीनमधील ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठीपुढचे व रक्तदाब वाढलेले असे हे लोक. कोणत्या खेड्याला कोणते मीठ, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. ज्या खेड्यांत मिठाचा चतुर्थांश भाग पोटॅशियम क्लोराइडचा होता, तेथे पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. येथेही सावधपणे वाचावे : सोडियम घटले, तसे पोटॅशियमही वाढले, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला असे मीठ अपायकारक ठरू शकते.

(७) सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यातील इतर खनिजे अत्यल्प. ते रक्तदाबाला निरुपद्रवी समजून घरातील वडीलधारी मंडळी हात सैल सोडतात, तेव्हा अपाय होतो तो त्यांनाच. शिवाय आयोडीन न मिसळलेले सैंधवच वापरले, तर ते घरही आयोडीनयुक्त मिठाच्या लाभाला मुकते.

(८) याउलट 'मीठ म्हणजे विष' हेही विधान टिकत नाही. याच जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. तेथील गावच्या आरोग्यसेविकांनी जुलाबाने सुकणाऱ्या मुलांसाठी मीठ-साखरेचे पाणी घरोघर शिकविले. तेथे तेच मीठ प्राण वाचविते.

(९) आमचे मत स्पष्ट आहे : मिठाविषयीच्या दाव्यात प्रमाण, प्रकृती आणि तुलना या तिन्ही गोष्टी नसतील, तर तो दावा प्राचीन असो वा आधुनिक, स्वीकारू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविते. त्या मोजणीत लोणचे, पापड, खर्डा आणि सैंधवही येते. बखरीला जे प्रश्न विचारता, तेच घरच्या गटात आलेल्या आरोग्यसंदेशाला विचारा.