थरांचा क्रम द्रावक ठरवतो

आधी लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, शेवटी इनॅमल आणि तैलरंग: हा क्रम मॉडेल रंगवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तोंडपाठ असतो. क्रम योग्यच आहे. पण तो का योग्य आहे हे ठाऊक नसेल, तर महिनाभर खपून रंगवलेल्या रणगाड्यावर अखेरच्या टप्प्याला सुरकुत्या पडतात आणि चुकलं कुठे ते उमगत नाही. म्हणून या संपादकीयात एकाच गोष्टीचा आग्रह धरायचा आहे. नवा थर देण्याआधी त्यातला द्रावक कोणता, खालच्या थराचं तो काय करील आणि खालचा थर खरोखर पक्का झाला आहे का, हे विचारायला हवं. या प्रश्नांची उत्तरं मिळाली की क्रम पाठ करावाच लागत नाही.

लॅकर वाळतो तो केवळ द्रावक उडून गेल्याने. त्यामुळे तो लवकर कडक होतो, पण त्याचाच थिनर पुन्हा लागला की परत विरघळतो. इनॅमलचं वाळणं दोन टप्प्यांत होतं: आधी व्हाइट स्पिरिट उडतं, मग त्यातली अल्किड राळ हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होते. हाताला कोरडा लागणारा इनॅमल आतून कित्येक दिवस कच्चा असतो. त्यावर लॅकर मारला की तीव्र द्रावकाने तो फुगतो आणि आक्रसतो. पाण्यातल्या ॲक्रिलिकमध्ये राळेचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. अल्कोहोलने तो मऊ पडतो, व्हाइट स्पिरिटला मात्र फारशी दाद देत नाही. लॅकर किंवा ॲक्रिलिकच्या पायावर इनॅमलचा वॉश देऊन जादा भाग पुसून काढता येतो, तो यामुळेच. व्हाइट स्पिरिट हा या सर्वांतला सौम्य द्रावक, म्हणून तो शेवटी येतो.

पाठ केलेला नियम अपुरा पडतो अशा जागा थोड्या नाहीत. टामियाचे एक्सएफ रंग आणि व्हालेहोचे मॉडेल कलर, दोघांनाही आपण ॲक्रिलिकच म्हणतो. पण टामियाचा रंग अल्कोहोलने, इतकंच काय लॅकर थिनरनेही छान पातळ होतो. व्हालेहोच्या रंगात अल्कोहोल घातलं तर त्याच्या गुठळ्या होतात. इनॅमलच्या पायावर इनॅमलचाच वॉश दिला, तर वॉश पुसताना पायाही निघून येतो. तिथे मध्ये ॲक्रिलिक वॉर्निशचा पडदा हवाच. उघड्या पॉलिस्टायरिनवर, विशेषतः ताण असलेल्या सांध्यांवर, इनॅमल वॉश मुरला तर प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. विमानाच्या चाकांचे दांडे त्यानेच मोडतात. हेअरस्प्रेने रंगाचे टवके काढण्याचं तंत्र तर न जुळणाऱ्या थरांवरच उभं आहे: खाली गंजाचा लॅकर, मध्ये पाण्यात विरघळणारा हेअरस्प्रे, वर ॲक्रिलिक. पाणी वरच्या थरातून झिरपून मधला थर सोडवतं, खालच्या लॅकरला धक्का लावत नाही. वरचा थरही लॅकरचा केला, तर पाण्याला आत शिरायला वाटच उरत नाही.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील की ॲक्रिलिकवर लॅकर वॉर्निश आम्ही नेहमी फवारतो, काही बिघडत नाही. खरं आहे. एअरब्रशने हलके, विरळ थर दिले की बराचसा द्रावक हवेतच उडतो आणि उरलेल्याला खाली मुरायला वेळ मिळत नाही. तेच वॉर्निश ब्रशने ओथंबून लावलं तर रंग उचलला जाईल. म्हणजे या अनुभवाने द्रावकाचा मुद्दा खोडला जात नाही. त्याचं प्रमाण आणि तो किती वेळ ओला राहतो हेही पाहावं, एवढी भर त्यात पडते. दुसरा आक्षेप असा की दर टप्प्याला वॉर्निश दिलं तर १/७२ मापाच्या मॉडेलवरचे बारकावे बुजतात. हेही मान्य. पण दर टप्प्याला वॉर्निश लागतच नाही. एकाच द्रावकाचे दोन थर लागोपाठ येणार असतील तिथे, आणि डिकलच्या आधी चकचकीत पृष्ठभाग हवा तिथे ते पुरतं. एकाच कंपनीचा माल वापरा म्हणजे झालं, हा सल्ला मात्र टिकत नाही. टामियाच ॲक्रिलिक, लॅकर आणि इनॅमल असे तिन्ही प्रकार विकते.

आपल्याकडे याला हवामानाचीही जोड द्यावी लागते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पाण्याचे रंग वाळायला फार वेळ घेतात. लॅकरचा द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली आर्द्रता त्यावर साकळते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कोरड्या देशातल्या लेखात दिलेले वाळण्याचे तास इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तेव्हा प्रत्येक मॉडेलसोबत त्याच संचातल्या टाकाऊ तुकड्यावर तेच थर त्याच क्रमाने आधी देऊन पाहा. आणि आमच्याकडे लेख पाठवताना रंगांच्या क्रमांकांची यादी देऊन थांबू नका. कोणता थिनर वापरला, दोन थरांमध्ये किती वेळ गेला आणि तेव्हा हवा कशी होती, हेही लिहा. दुसऱ्याला तुमच्यासारखं काम साधायचं असेल, तर त्याला याच नोंदी उपयोगी पडतील.