टपावरचा तांबेरा

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस टायरला लाथ मारून बघतो, बोनेट उघडून इंजिन चालू करायला लावतो, सायलेन्सरमधून कुठल्या रंगाचा धूर येतो ते बघतो, दारं दोनचारदा आपटून बघतो. स्टूल मागून घेऊन टप बघणारा मात्र क्वचितच भेटतो. ऊन, पाऊस, झाडाचा चीक, पाखरांची घाण सगळं आधी टपावरच पडतं, आणि घरातल्या कुणाचीच नजर तिथवर पोचत नाही. दाराचा पत्रा खालून कुजला की शेजारीपाजारी सांगायला लागतात. टप कुजला तर सीटवर पाणी ठिबकेपर्यंत पत्ताच लागत नाही. वळवाचे ढग दिसायला लागलेत आणि मृग तोंडावर आलाय, म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला आहे.

आमच्या वारणानगर-कोडोली भागात ओमनी अजून भरपूर आहेत. मारुतीने ही गाडी १९८४ मध्ये नुसती ‘व्हॅन’ म्हणून आणली, १९८८ मध्ये तिचं नाव ओमनी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक ओमनी आता जुनीच. तिने इथे काय केलं नाही? शाळेची पोरं नेली, वाठार फाट्यावर पाहुणे सोडले, कॅरियरवर ओल्या वैरणीचे भारे वाहिले, निवडणुकीत टपावर भोंगे मिरवले. यातल्या प्रत्येक कामाची खूण टपावर राहते. कॅरियरचे क्लॅम्प टपाच्या कडेच्या पन्हळीचा रंग खातात. भोंग्यासाठी पाडलेलं भोक भोंगा उतरला तरी तसंच राहतं, त्यात कुणीतरी एम-सील भरतं आणि विसरून जातं.

पन्हळ ही या गाडीची खरी दुखरी जागा. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथे एकमेकांवर येतात. ते स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि सांध्यावर सीलंटचा पट्टा मारलेला असतो. वीसएक वर्षांच्या उन्हात तो पट्टा वाळतो, तडकतो, आणि केसाएवढ्या फटीतून पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये जाऊन बसतं. कारखान्यात मारलेला प्रायमर त्या खोबणीत नीट पोचलेला असेलच असं नाही. त्यातच पन्हळ तुंबलेली असते. गुलमोहराची आणि चिंचेची बारीक पानं, पाचट पेटवल्यावर वाऱ्याने येणारी काजळी, धूळ, असं सगळं मिळून तिथे एक ओला थर तयार होतो. वरून ऊन कडक पडलं तरी त्या थराच्या खाली पत्रा दिवसचे दिवस ओलाच असतो.

त्यात जोतिबाचा गुलाल असतोच. चैत्र यात्रेला जाऊन आलेल्या गाडीच्या पन्हळीत तो दाबून बसतो आणि पहिल्या वळवात काचेच्या कडेने ओघळतो. ओघळाचा रंग नीट बघा. गुलाल गुलाबी उतरतो आणि एकदोनदा धुतला की जातो. गंजाचा ओघळ तपकिरी असतो, आज पुसला तरी पुढच्या पावसात त्याच जागेवरून पुन्हा निघतो. यात्रेनंतर महिनाभराने तांबूस रेघ दिसली तर देवाचा प्रसाद म्हणून सोडून देऊ नका.

घरी तपासायला फार काही लागत नाही. फ्रीजवर चिकटवायचं साधं चुंबक घ्यायचं, ओरखडा पडू नये म्हणून पातळ फडक्यात गुंडाळायचं आणि टपावरून हळूहळू फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) आहे, म्हणजे कुणीतरी पूर्वी काहीतरी झाकलेलं आहे. मग तळहाताने आतलं अस्तर दाबत जायचं. ओल, कुबट वास, चहा सांडल्यासारखं वर्तुळ, यातलं काहीही सापडलं तर वरचा पत्रा संशयित. पुढच्या काचेचं रबर वरच्या कडेला थोडं उचलून बघायचं. शेवटी पन्हळीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते कुठून बाहेर पडतं ते बघायचं. सगळं पाणी बाहेर आलं नाही, तर ते आत कुठेतरी साठतंय.

आमची ओमनी आम्ही वापरलेली घेतली. तिच्या टपावर ड्रायव्हरच्या बाजूला, पन्हळीला लागून, रंगाला चिंचोक्याएवढा फोड आला होता. ओळखीचे एक डेंटरमामा आहेत, त्यांना दाखवला. त्यांनी फोडाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आत शिरून छताचं अस्तर सोडवायला घेतलं. “वरनं काय कळतंय ताई? आतनं बघा की.” अस्तर उतरल्यावर पत्र्याला आतून तळहाताएवढा तांबडा डाग दिसला. मामांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. पत्र्याचे पापुद्रे सीटवर पडले. वरून रंग खरवडला तेव्हा खाली रुपयाच्या तीन नाण्यांएवढा जाड लांबीचा थर निघाला. आधी कुणीतरी गंजावरच लांबी थापून, घासून, रंग मारून दिला होता. बाहेरून टप आरशासारखा चकचकीत होता.

गंजाचं वागणं समजून घेतलं तर यात नवल वाटत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. ॲल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, त्यातून हवा आणि पाणी आत जातच राहतं. लांबीसुद्धा पाणी शोषते. गंजावर लांबी म्हणजे ओल जपून ठेवायची सोय. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड, तो किती दिवस तग धरणार?

आता दुरुस्ती. यात घाई करणाऱ्या माणसाकडे गाडी देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी कॅरियर उतरवायचं, पन्हळीतलं जुनं सीलंट खरवडून काढायचं, बॅटरीची वायर सोडायची. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून आणि पुढे ८० नंबरच्या पेपरने पांढरा, चमकणारा पत्रा लागेपर्यंत घासायचं, आणि डागाच्या कडेपुढेही दोन बोटं जायचं, कारण रंगाखाली गंज दिसतो त्याच्यापेक्षा लांब पसरलेला असतो. पत्रा शाबूत असेल आणि फक्त खड्ड्याखड्ड्यांत गंज राहिला असेल, तर रस्ट कन्व्हर्टर चालतं. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं किंवा टॅनिक आम्ल. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून काळा, स्थिर थर बनवतं. आपल्याकडे चपलेचं चामडं कमवायला हिरडा आणि बाभळीची साल वापरतात, त्यातही टॅनिनच. ओल्या कमावलेल्या चामड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो, हे कोल्हापूरच्या चर्मकारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो डाग आणि पत्र्यावरचा हा काळा थर, दोन्हींमागे एकच क्रिया आहे. पण भोक पडलेल्या पत्र्यावर कुठलंही औषध चालत नाही.

भोक पडलं की कापायचंच. मामांनी कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, त्या मापाचा तुकडा पन्हळीच्या वळणासकट ठोकून तयार केला आणि बसवला. टप रुंद आणि पातळ. एका दमात वेल्डिंग ओढलं तर तो तापून लाटांसारखा वाकडा होतो. म्हणून ते एक टाका इकडे, एक पलीकडे असं करत, मध्ये ओलं फडकं टेकवत गेले. आतल्या बाजूने, जिथे कुणी कधी बघणार नाही, तिथेही त्यांनी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. बाहेरून प्रायमर, मग सांध्यात नवं सीलंट, त्यावर पुन्हा प्रायमर, आणि त्यानंतरच वरचं बारीक उणंदुणं भरण्यापुरती लांबी.

या कामासाठी काढलेली पुढची काच परत बसवताना मी मुद्दाम थांबले होते. रबराच्या खाचेत त्यांनी सगळीकडून सुतळी फिरवून घेतली, काच बाहेरून टेकवली, हाताखालच्या पोराला तळव्याने दाब द्यायला सांगितलं आणि स्वतः आत बसून सुतळी हळूहळू ओढत गेले. सुतळीबरोबर रबराची ओठी पत्र्याच्या कडेवर आपोआप चढत गेली. कडेला ओरखडासुद्धा आला नाही, आणि तो येऊ न देणं महत्त्वाचं, कारण पुढचा गंज तिथूनच सुरू झाला असता.

एवढं जुन्या गाडीला कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ ला मोटारीला ६०० वरून थेट ५,००० रुपयांवर गेलं, शिवाय पर्यावरण कर. एवढे पैसे भरून जी गाडी पाच वर्षं ठेवायची, तिचं छत आधी नको का बघायला? त्यात ओमनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, अंगाचा पत्रा हीच तिची ताकद. टपाची कड कुजली की गाडी उलटताना माणसांच्या डोक्यावर काय राहतं, याचा विचार करून बघा. आणि जपलेली गाडी किती टिकते हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक दर दसऱ्याला दिमाखात दसरा चौकात येतेच.

घराचं छप्पर आपण मृगाआधी शाकारतो, टपालाही तोच मुहूर्त बरा. पावसाळी दमट हवेत रंग मारला तर एनसी पेंट पांढरट पडतो, आणि घासलेल्या पत्र्यावर एका रात्रीत पुन्हा तांबूस झाक येते.

गाडी पेंटिंगला देणार असाल तर एकच अट घाला: प्रायमर आणि लांबी लावण्याआधी मला बोलवा. जाऊन उघडा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, बोट फिरवून बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चांगला कारागीर या अटीवर रागावत नाही. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून गाडी परत आणा.