दहावा माणूस

पुण्यात लाल देऊळ कुठे आहे हे रिक्षावाल्यालाही माहीत असतं. ते देऊळ नसून ज्यूंचं सिनेगॉग आहे, १८६७ मध्ये बांधून पूर्ण झालेलं, हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण तिथे आत काय चालतं म्हणून विचारा. "प्रार्थना, अजून काय!"

हे उत्तर अर्धंच आहे. हिब्रूत सिनेगॉगला 'बेत क्नेसेत' म्हणतात, म्हणजे जमण्याचं घर. युरोपातले ज्यू तर यिडिश भाषेत त्याला 'शूल' म्हणतात, म्हणजे चक्क शाळा! जमणं आणि शिकणं, दोन्ही नावातच आहे.

जमण्याचा नियम एकदम कडक. सार्वजनिक प्रार्थना पूर्ण व्हायची तर किमान दहा जण हवेत. त्याला 'मिन्यान' म्हणतात. नऊ महापंडित आले तरी अडतं आणि दहावा साधा दुकानदार आला की गाडी सुरू. परंपरेत हे दहा म्हणजे तेरा वर्षांवरचे पुरुषच. सुधारक पंथ बायकांनाही मोजतात आणि माझ्या मते तेच बरोबर. पण मूळ कल्पना मला भन्नाट वाटते. तुमच्या येण्यावाचून दुसऱ्याचं अडतं! आपल्या आयुष्यात आता असं काय उरलंय? ऑनलाइन कोर्स मी सोडला तर कुणाचं काय बिघडतं?

शिकण्याचंही तसंच. तोराचं वाचन वर्षभर आठवड्याच्या हप्त्यांनी चालतं. ज्या सणाला ते संपतं, त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. 'सिलॅबस संपला' ही भानगडच नाही. अभ्यास जोडीने, वाद घालत करायचा. आणि मिश्ना या जुन्या ग्रंथात हिल्लेल आणि शम्माय यांच्या शिष्यांचे वाद आहेत, त्यात ज्यांचं मत मान्य झालं नाही त्यांचंही म्हणणं जपून ठेवलंय. आमच्याकडे मीटिंग संपली की हरलेल्याचा मुद्दा मिनिट्समध्येसुद्धा येत नाही. असो.

आता आपल्या घरची गोष्ट. कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली होती. टिकलं काय? शनिवार, सुंता, खवल्यांवाचूनचे मासे न खाणं आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द. मग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. शिकवायला कोचीनचे ज्यू आले. मिशनऱ्यांच्या शाळांतूनही हिब्रू शिकून घेतली (आणि धर्म आपलाच ठेवला!). १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकरांनी मुंबईत शाळा काढली. पुढे तर अब्राहाम, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं झाली. विसरलेला धर्म या मंडळींनी परत मिळवला, तो मराठीतून. मराठी 'ज्ञानभाषा' होईल का यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर बघावं.

१९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. मागे उरलेल्या कोकणातल्या काही सिनेगॉगांत आज दहा माणसं जमवणं हेच मोठं काम असतं. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलंच झालं. जुन्या वास्तूंची डागडुजीही व्हायला हवी. पण 'हेरिटेज' म्हणून रंग काढलेली इमारत दहावा माणूस कुठून आणणार?

तो आपण होऊ शकत नाही, ते त्यांचं त्यांनाच बघावं लागेल. आपल्याला जमेल ते वेगळं आहे. गल्लीतलं वाचनालय, सोसायटीतला अभ्यासवर्ग, शनिवारचा गप्पांचा कट्टा, सगळीकडे आपण 'जमलं तर येतो' म्हणतो. मग एक दिवस कुलूप लागतं आणि आपण हळहळतो. त्यापेक्षा एखाद्या तरी ठिकाणी, आपण नाही गेलो तर अडेल, असं नातं ठेवावं. आणि मग जावं. कंटाळा आला तरी!