डोकं दुखतंय तिला वीस मिनिटं द्या



न्हावऱ्याच्या आमच्या वस्तीत संध्याकाळी एक चक्कर मारली, की डोक्याला फडकं करकचून बांधलेली एखादी बाई दिसतेच. चूल पेटलेली असते, पोरांचा कालवा चालू असतो आणि ही एका हाताने कपाळ दाबत दुसऱ्या हाताने तव्यावरची भाकरी उलटत असते. विचारलं तर म्हणते, "काही नाही ओ, रोजचंच आहे." मग पोराला दुकानात पिटाळते, "जा, डोक्याची एक गोळी आण."

माझी आई असंच फडकं बांधायची. पुढे मीही बांधलं. म्हणून या "रोजचंच आहे"वर माझा राग आहे. रोज दुखणारं डोकं ही बाईच्या जातीला मिळालेली देणगी नाही. तो आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपायही आहेत. त्यातला एक उपाय फुकटचा आहे, पण आपल्या घरात तोच सगळ्यात महाग पडतो. तो म्हणजे रोज वीस मिनिटं निवांत बसणं.

आधी दुखणं ओळखू या. डोकं दुखण्याचे दोन प्रकार सगळ्यात जास्त आढळतात. एक ताणाची डोकेदुखी. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी दाबून येतं, मान आणि खांदे भरून येतात, पण माणूस कसंबसं काम ओढत राहतो. दुसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. यात बहुतेक वेळा डोक्याची एकच बाजू ठणठण ठोके देते, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसत नाही, हालचाल केली की वाढतं. गोळी घेतली नाही तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं. आपल्याकडे उलटी झाल्यावर डोकं उतरलं, की "पित्ताचं होतं" म्हणतात आणि विषय संपवतात. पण ती उलटी बहुतेकदा अर्धशिशीचाच भाग असते. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाणाऱ्या कितीतरी बायांना मुळात अर्धशिशी असते.

हा आजार शहरी, श्रीमंत लोकांचा आहे असं कुणी समजू नये. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी तिथल्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली. वर्षभरात साधारण चौघांतल्या एकाला मायग्रेनचा त्रास झाल्याचं दिसलं आणि एकूण डोकेदुखी शहरापेक्षा खेड्यात जास्त निघाली. मायग्रेन पुरुषांपेक्षा बायांना दुप्पट-तिप्पट होतो. पाळीच्या दिवसांत तो हमखास उचल खातो.

आता आपल्या कामाकडे बघा. कांदा काढणी, उसातली खुरपणी, डोक्यावर ऊन. शेतात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. सकाळी घाईत नुसता चहा पोटात आणि जेवण सगळ्यांच्या मागून. रांजणगाव एमआयडीसीत जाणाऱ्या पोरापोरींची एका आठवड्याला दिवसपाळी, तर दुसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. उपाशी राहणं, कमी पाणी, मोडलेली झोप, ऊन, धूर आणि डोक्यावरचं कर्ज ही सगळी अर्धशिशी चाळवणारी कारणं आहेत. मशेरीचंही असंच. "मशेरी लावली नाही तर डोकं चढतं," असं सांगणारी बाई खोटं बोलत नाही. पण ते डोकं मशेरीतल्या तंबाखूची सवयच चढवते आणि पुढची चिमूट ते तेवढ्यापुरतं उतरवते.

गोळीचा सापळाही असाच आहे. दुकानातली गोळी अधूनमधून घेतली तर हरकत नाही. पण साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं सलग तीन महिने चाललं, तर गोळीमुळेच रोज डोकं दुखायला लागतं. म्हणून घरातल्या दिनदर्शिकेवर खुणा करा. डोकं दुखलं त्या दिवशी फुली, गोळी घेतली त्या दिवशी गोल. लिहिता येत नसेल तर नातवाला करायला सांगा. महिन्यात आठ-दहा गोल दिसले, तर दुकानाची वाट सोडून दवाखान्याची धरा. सवयीची गोळी बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस डोकं जास्त दुखतं. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच बंद करायची.

आता त्या वीस मिनिटांविषयी.

एडमंड जेकबसन नावाच्या शिकागोच्या डॉक्टरने 1929 साली एका पुस्तकात स्नायू सैल सोडण्याची पद्धत मांडली. तिचं सार साधं आहे. शरीर कुठे आवळलं आहे हे आपल्याला कळतच नाही. म्हणून आधी मुद्दाम आवळायचं आणि मग सोडायचं, म्हणजे फरक कळतो. भिंतीला पाठ टेकून बसा. दोन्ही मुठी पाच-सात सेकंद आवळा, मग सोडा आणि वीस-तीस सेकंद हात सैल पडू द्या. मग खांदे कानापर्यंत उचला, सोडा. कपाळाला आठ्या घाला, सोडा. डोळे घट्ट मिटा, सोडा. दात हलकेच एकमेकांवर दाबा, सोडा. पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं असं खाली उतरत जा. दुखेल इतकं आवळू नका. मानेला हिसका देऊ नका. याला दहा मिनिटं पुरतात.

पुढची दहा मिनिटं श्वासाची. एक हात पोटावर ठेवा. चार मोजत नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या. सहा मोजत सावकाश सोडा. मन कर्जावर गेलं, पोरीच्या लग्नावर गेलं, तरी स्वतःला रागावू नका. परत श्वासावर या. विहारात ज्यांनी आनापान केलं आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

हे डोकं दुखत असतानाच नाही, तर दुखत नसतानाही रोज करायचं. दोन दिवसांत गुण येत नाही, सहा-आठ आठवडे द्यावे लागतात. अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2000 सालीच मायग्रेन टाळण्यासाठी अशा शिथिलीकरणाची शिफारस केली आहे. अभ्यासांत त्याने डोकेदुखी सरासरी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी झालेली दिसते. आजार मुळासकट जात नाही. पण महिन्यातल्या आठ फुल्यांच्या चार झाल्या, तर मजुरीचे चार दिवस वाचले. चार संध्याकाळी पोरांवर खेकसणं वाचलं.

इथे आपल्यातलाच एखादा कार्यकर्ता विचारील, आणि त्याने विचारायलाच हवं: "ताई, डोळे मिटून बसल्याने शेतात पाणी येणार आहे का? मजुरी वाढणार आहे का? बाबासाहेबांनी आपल्याला लढायला शिकवलं, तुम्ही भिंतीला टेकून बसायला सांगताय."

प्रश्न बरोबर आहे. ज्या बाईला शेतात आडोसा नाही, तिला नुसतं "मन शांत ठेव" सांगणं ही तिची थट्टाच आहे. आडोसा, पाणी, वेळेवर जेवण, पाळ्यांचा हिशेब हे मागायचंच आणि भांडून मागायचं. पण विश्रांती ही लढ्याच्या विरोधातली गोष्ट आहे, हे मला मान्य नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा त्यांनी कारखाना कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. 1946 च्या त्या कायद्याने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. माणसाच्या शरीराला विसावा लागतो, तो मालकाच्या मेहेरबानीवर नको, हक्काने मिळावा, असाच मी त्याचा अर्थ लावते.

कारखान्याला कायदा झाला, पण चुलीला कोणता कायदा झाला? घरातल्या बाईच्या पाळीला भोंगाच नाही. पहाटे उठल्यापासून सगळे झोपेपर्यंत तिची एकच पाळी. ती दोन मिनिटं टेकली, की सासू म्हणते "आता काय झालं?", नवरा म्हणतो "चहा ठेव". म्हणून मी वर म्हटलं, की हा फुकटचा उपाय सगळ्यात महाग पडतो. ही वीस मिनिटं तिला एकटीला मिळवता येत नाहीत, ती घराने द्यावी लागतात. समतेच्या गोष्टी आपण जयंतीच्या स्टेजवर करतो. तीच समता संध्याकाळी वीस मिनिटं चुलीपुढे बसून दाखवायला किती पुरुष तयार आहेत?

विहार समित्यांना माझी एक विनंती आहे. रविवारी वंदना झाल्यावर वीस मिनिटं सगळ्यांनी मिळून हे करावं. लहान पोरांना तेवढा वेळ पुरुषांनी सांभाळावं. घरी जागा नाही, दार नाही, शांतता नाही, अशा बाईला निदान आठवड्यातून एकदा ती विहारात मिळेल. आणि रीत अंगवळणी पडली, की घरीही जमेल.

मात्र प्रत्येक डोकेदुखी बसून राहण्याची नसते. आयुष्यात कधी झालं नाही असं अचानक, क्षणात वीज पडल्यासारखं दुखलं, डोकेदुखीबरोबर ताप आणि मान ताठ झाली, हात-पाय लुळे पडले, बोबडी वळली, नजर गेली, फिट आली किंवा डोक्याला मार लागला असेल, तर अंगारा नको, बाम नको, 108 ला फोन करा. गरोदर बाईचं डोकं जोरात दुखत असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढत चाललेली डोकेदुखीही डॉक्टरांना लवकर दाखवा. अर्धशिशी मंत्राने उतरवणाऱ्याकडे तर कुणीच जाऊ नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे वेगळं सांगायला नको.

न्हावऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डोकं वारंवार दुखत असेल, तर दिनदर्शिकेचं ते पान घेऊन जा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधंही असतात. ती आणि ही वीस मिनिटं बरोबरीने चालतात. मनावरचा भार सोसेनासा झाला असेल, तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर रात्रंदिवस फुकट बोलता येतं, मराठीतही.

माझ्या आईला हे कुणी सांगितलं नाही. तिच्या कपाळावर फडक्याचा वळ असायचा आणि आम्हाला तो तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटायचा. आज संध्याकाळी तुमच्या घरात कुणी डोक्याला फडकं बांधलेलं दिसलं, तर गोळी आणायला पोराला पळवण्याआधी तव्यावरची भाकरी तुम्ही उलटा. तिला भिंतीला टेकून बसू द्या.