सोनीच्या वाटीतलं गाजर

“काकू, लांडगा गाजर खातो का?”

रविवारी सकाळी मटणवाल्या चाचांच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. एका पिशवीत चिकनच्या माना, दुसरीतून गाजरांचे शेंडे डोकावत होते. पुढच्या तरुणानं विचारलं, एवढ्या माना कुणासाठी? म्हटलं, माझ्या कुत्रीसाठी, सोनीसाठी. आणि गाजरं? तीही तिचीच. त्यावर हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तरही त्यानंच देऊन टाकलं. कुत्रा म्हणजे लांडगा. लांडगा भाजी खात नाही. म्हणून कुत्र्याला भाजी देणं म्हणजे त्याच्या पोटाला शिक्षा.

सोनी कोण, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. तिची खाज, तिच्यापायी झालेली जागरणं आणि दिवाळीपासून तिला सुरू केलेलं कच्चं मांस, हे सगळं इथं लिहून झालंय. खाज खाणं बदलल्यानं गेली की थंडी सरल्यानं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. म्हणूनच या बाबतीत ठाम बोलणाऱ्या माणसाचं मी नीट ऐकून घेते. त्या मुलाचंही घेतलं. त्याच्याकडे जर्मन शेफर्ड आहे, त्याला तो 80-10-10 या हिशोबानं घालतो: 80 टक्के मांस, 10 टक्के हाड, 10 टक्के कलेजी-गुर्दा. पानाचा तुकडासुद्धा नाही. कुत्र्यावर त्याचा जीव आहे, ते बोलण्यातून कळत होतं. माझा राग त्याच्या कुत्र्याच्या वाटीवर नव्हताच. माझ्या मागं एक मुलगी उभी होती, तिच्याकडे तीन महिन्यांचं पिल्लू आहे. त्याचं बोलणं ऐकून तिनं हातातली भोपळ्याची फोड माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “मावशी, तुम्हीच घ्या ही.” मग अर्धा किलो बोनलेस घेऊन निघून गेली. तो भोपळा दिवसभर माझ्या ओट्यावर होता. त्याच्याकडे बघून मी दिवसभर चिडत होते.

वाद जुना आहे. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांचं ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ 1993 साली आलं. कच्ची मांसल हाडं आणि त्यांच्या जोडीला वाटलेल्या भाज्या, ही त्यांची पद्धत. त्याच देशातले दुसरे पशुवैद्य टॉम लॉन्सडेल यांचं ‘रॉ मीटी बोन्स’ 2001 चं. त्यांचा सगळा भर अख्ख्या सावजावर आणि हाडांवर, भाजीला त्यात फारशी जागा नाही. दोघेही जनावरांचे डॉक्टर, दोघेही बाजारातल्या कोरड्या खाण्यावर नाराज. रांगेतला मुलगा आणि मी या दोन वाटांवर उभे होतो.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी शोधलं. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकानं उभं आयुष्य लांडग्यांमागं घातलं. मोठं सावज पडल्यावर लांडगे आतले अवयव खातात, कोथळ्याची भिंतही खातात, पण आतलं अर्धपचलं गवत बहुतेक वेळा तिथंच सांडून जातात. म्हणजे ‘लांडग्याला सावजाच्या पोटातून भाजी मिळते’ हे भाजीवाल्यांचं आवडतं म्हणणं पडलं. माझ्या बाजूचं असलं तरी पडलं. पण तेच लांडगे उन्हाळ्यात फळं खातात. मिनेसोटातल्या व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात ते ब्लूबेरीच्या झुडपांत चरतात, आणि तिथं एका मोठ्या लांडग्यानं पिल्लांपुढं ब्लूबेरी ओकून टाकल्याचंही अभ्यासकांनी पाहिलंय. आपला कोल्हा बोरांच्या दिवसांत बोरीखाली काय करतो, हे शेतात राहिलेल्या कुणालाही विचारा.

वजडीचंही मी डोळ्यांनी पाहिलं. कच्चं घालणाऱ्यांत न धुतलेल्या वजडीला फार मान आहे. ती मागायला म्हणून चाचांच्या दुकानामागं गेले. तिथं तीन गावठी कुत्री असतात. त्यांतल्या एका लालसर कुत्रीनं वजडीचा तुकडा तोंडात धरला, मान झटकून झटकून त्यातला हिरवा चोथा भिंतीवर उडवला, आणि मग तुकडा खाल्ला. मेकनं लिहिलेलं नाशिकच्या एका बोळात माझ्यापुढं घडत होतं. चाचा म्हणाले, “नेहमी असंच करते.” वजडी मात्र त्यांनी मला दिली नाही. म्हणाले, पोटातला माल शिजवल्याशिवाय कुत्र्याला घालू नका. मग एका बकऱ्याचं फुप्फुस त्यांनी उलटून दाखवलं, त्यावर लिंबाएवढा पाण्याचा फोड होता. असे फोड कुत्र्यानं कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली की असाच फोड माणसाच्या यकृतात वाढतो. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात. चाचांना ते नाव ठाऊक नाही, पण असं फुप्फुस ते कुत्र्यांपुढं टाकत नाहीत, जाळतात. त्या दिवसापासून सोनीची कलेजी मी उकळूनच देते. कच्च्याच्या शुद्धतेत बसत नसेल तर नसो. घरात दोन वर्षांची नात आहे.

गाजराकडे येते. 2013 साली ‘नेचर’मध्ये उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. पिष्ट पचवायला लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यांत 2 प्रती सापडल्या, कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या वस्तीजवळ राहून कुत्रा माणसाच्या धान्यावर जगू लागला, त्याची ही खूण. मला हे वाचून आजीच्या चुलीपुढची भाकरी आठवली. धनगराच्या वाड्यावरची कुत्री पिढ्यान् पिढ्या भाकरी आणि ताकावर मेंढरं राखत आली, ती उगाच नव्हे. पण हेच संशोधन दाखवून ‘बघा, कुत्र्याला भाजी पचते’ असं कुणी म्हणालं, तर तेही मला मान्य नाही. पिष्ट म्हणजे भात, भाकरी, बटाटा. गाजराचा चोथा वेगळा. तो कुत्र्याला पचत नाही. कच्च्या गाजराचा तुकडा जसा आत जातो तसाच बाहेर येतो, हे सकाळी पिशवी घेऊन कुत्र्यामागं फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून भाजी द्यायची तर वाफवून किंवा बारीक वाटून, म्हणजे पेशींच्या भिंती आपणच फोडून. नाहीतर ती फक्त चघळायची वस्तू.

मग देते कशाला? एक कारण अगदी रोजचं आहे. हाडं जास्त झाली की सोनीची शी खडूसारखी पांढरी होते, ती कुंथते, मागं वळून वळून बघते. लाल भोपळ्याचे दोन चमचे घातले की दुसऱ्या दिवशी ठीक. न पचणाऱ्या चोथ्याचंही काम असतं. ती 16 किलोची, दिवसाला साधारण 400 ग्रॅम खाते, त्यांत 40 ग्रॅम भोपळा, गाजर, दुधी किंवा फरसबी. पालक क्वचित, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं. दुसरं कारण 2005 सालचं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात स्कॉटिश टेरियर कुत्र्यांचा अभ्यास झाला. या जातीत मूत्राशयाचा कॅन्सर फार. आठवड्यातून किमान तीनदा भाजी खाणाऱ्या कुत्र्यांत तो बराच कमी दिसला, विशेषतः हिरव्या पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्या खाणाऱ्यांत. एकाच जातीचा, मालकांना विचारून केलेला अभ्यास. सोनी स्कॉटिश टेरियर नाही, त्यामुळं तिला तो लागू होईलच असं मी म्हणणार नाही. पण 40 ग्रॅम भोपळ्यासाठी मला एवढं पुरतं.

भाजी नसली म्हणून त्या मुलाच्या शेफर्डचं काही बिघडणार नाही, हेही मी मानते. हाड, कलेजी, मांस नीट मोजून घालणारा माणूस आहे तो. मला काळजी आहे त्या पिल्लाची. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. हाड नाही, हाडाची भुकटी नाही, नुसतं बोनलेस, यावर वाढणाऱ्या पिल्लाचं शरीर स्वतःच्याच हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. गाजर द्यायचं की नाही यावर रांगेत दहा मिनिटं वाद झाला, आणि ती मुलगी हाडाबद्दल एक शब्दही न ऐकता घरी गेली. मीसुद्धा तिला सांगितलं नाही. वादात जिंकायच्या नादात होते.

आणि कांदा. त्या रांगेत कुणीच कांद्याचं नाव काढलं नाही.

आपला नाशिक जिल्हा दोन पिकांवर ओळखला जातो. लासलगावचा कांदा आणि निफाड-दिंडोरीची द्राक्षं. दोन्ही कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखाद्याला थोड्यात होतं. गेल्या काही वर्षांत संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि चिंच-गुळाची आमटी दोन्ही दूर. कांद्याचं निराळं. त्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागं 15 ते 30 ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे सोनीएवढ्या कुत्र्याला अडीच-तीन मध्यम कांदे. एकदम नाही, दोन-तीन दिवसांत मिळून गेले तरी. शिजवून, भाजून, वाळवून त्याचं विष कमी होत नाही. लसूण त्याच कुळातला.

हे मला पुस्तकांतून नंतर कळलं. आधी काळू गेला.

काळूबद्दल मी या सदरात कधी लिहिलेलं नाही. पंचवटीतल्या जुन्या घरचा आमचा कुत्रा, काळा, कानाला पांढरा ठिपका. धाकट्या दिरांचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी घरी काळ्या मसाल्याचं मटण. आपल्याकडे तो रस्सा कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: कांदे विस्तवावर काळे होईपर्यंत भाजायचे, सुक्या खोबऱ्याबरोबर वाटायचे. पातेलं मोठं, कांदे किती ते कुणी मोजलं नव्हतं. उरलेला रस्सा तीन दिवस भाकरी कुस्करून काळूला घातला. मीच घातला, प्रेमानं, वाटी चाटून पुसून खाल्ली म्हणून पुन्हा घातला. पाचव्या दिवशी तो जिन्यावर चढेना. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, लघवी कॉफीच्या रंगाची. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंय? मी म्हटलं, “बाहेरचं काही नाही, घरचंच.” त्या उत्तरावर त्यांनीही पुढं काही विचारलं नाही. गोचिडांच्या तापाचं औषध सुरू झालं. सातव्या दिवशी पहाटे तो गेला.

‘घरचंच.’ हा शब्द मला अजून ऐकू येतो. आपल्या घरचं म्हणजे कांदा, लसूण आणि फोडणी. शहरातल्या किती गल्लीतल्या कुत्र्यांना रात्री दारातून तेच मिळतं, तेही मायेनं. कच्चं की शिजलेलं, भाजी की बिनभाजी, यावर वाद घालणारे आम्ही मूठभर. उरलेला रस्सा घालणारी घरं हजारो.

म्हणून सोमवारी मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद लावला. कुत्र्यांसाठी जेवण काढायचं तर फोडणीआधी काढा. कांदा, लसूण, बेदाणे नकोत. शिजलेलं हाड नको, ते आतून टोचतं. साधी भाकरी, भात, ताक, उकडलेला भोपळा चालतो. वॉचमनकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्या गावी कुत्र्याची भाकरी कोरडीच असते, रस्सा माणसांनाच पुरत नाही.

बोनलेसवाल्या मुलीचा नंबर चाचांकडून मिळाला. मंगळवारी तिला फोन केला, हाडाचं सांगितलं, डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, आणि काळूचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, काल त्यानं आमच्या पोह्यांतला कांदा खाल्ला, थोडासाच. किती झाला असेल?” तीन महिन्यांचं पिल्लू, चार किलोचं. आम्ही दोघींनी फोनवरच हिशोब केला. चमचाभर निघाला. तरी तिला म्हटलं, पाच दिवस हिरड्या बघत राहा, लघवीचा रंग बघ, काही वाटलं तर डॉक्टरांना कांदा हा शब्द आधी सांग.

आज गुरुवार. सकाळी तिनं हिरड्यांचा फोटो पाठवला. गुलाबी आहेत.