यंत्र एक, वाटेकरी अनेक

गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत हा रोग खेड्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ज्या विषाणूमुळे तो होतो, त्याची अणुपातळीवरील रचना १९८९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्यासाठी लागलेले क्ष-किरण कोणत्याही रुग्णालयातून किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आलेले नव्हते. ते आले होते इंग्लंडमधील डेअर्सबरी येथील सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे मूळच्या भौतिकीच्या यंत्रातून.

हे कसे घडते ते पाहू. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनना चुंबकाच्या साहाय्याने वळवले, की त्या वळणावर त्यांच्यापासून प्रारण बाहेर पडते. १९४७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ते प्रथम डोळ्यांना दिसले. कणांची ऊर्जा वाढवू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही नुसती गळती होती. जीवशास्त्रज्ञांनी मात्र या गळतीचे सोने केले. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम असते, तर रेणूतील शेजारच्या अणूंमधले अंतर जेमतेम एक-दीड अँगस्ट्रॉम. एवढे सूक्ष्म अंतर मोजायचे तर तेवढ्याच तरंगलांबीचे क्ष-किरण हवेत. आणि प्रथिनांचे स्फटिक चिमुकले असल्याने ते किरण अतिशय तेजस्वीही हवेत.

असे यंत्र प्रत्येक विद्यापीठाला परवडणार नाही आणि तशी गरजही नाही. एकाच कड्यातून डझनावारी किरणवाहिन्या निघतात व प्रत्येक वाहिनीवर वेगळा प्रयोग चालू शकतो. म्हणून सिंक्रोट्रॉन हे स्वभावतःच सामाईक यंत्र आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्याचा पैसा कोणी द्यायचा, जागा कोणी ठरवायची आणि पाळी कोणाची लावायची?

डेअर्सबरीचे यंत्र जुने झाल्यावर ब्रिटनला नवे यंत्र हवे होते. ते डेअर्सबरीलाच व्हावे, असे वायव्य इंग्लंडमधील लोकांचे म्हणणे होते. परंतु खर्चाचा वाटा उचलणाऱ्या वेलकम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेचा कल ऑक्सफर्डजवळच्या जागेकडे होता. २००० साली निर्णय ऑक्सफर्डशायरच्या बाजूने लागला आणि त्यावरून मोठा वाद झाला. ‘डायमंड’ नावाचे हे यंत्र २००७ साली संशोधकांना खुले झाले आणि २००८ साली डेअर्सबरीचे यंत्र बंद झाले. डायमंडच्या कड्याचा परिघ सुमारे ५६२ मीटर आहे. त्यात सरकारचा वाटा ८६ टक्के, तर ट्रस्टचा १४ टक्के.

जागेची निवड योग्य होती की नाही, हा माझा मुद्दा नाही. पैसे देणाऱ्याचे मत जड असणारच. पण ते किती जड असेल, हे आरंभीच सर्वांसमोर ठरले पाहिजे. डायमंडची एक गोष्ट मात्र निःसंशय अनुकरणीय आहे. संशोधकाने प्रस्ताव पाठवायचा, तज्ज्ञांनी तो पारखायचा आणि पसंत पडल्यास यंत्राचा वेळ विनामूल्य मिळायचा. अट एकच, निष्कर्ष जाहीर केले पाहिजेत. निष्कर्ष स्वतःपाशी ठेवू इच्छिणाऱ्या कंपनीने वेळेचे पैसे मोजावेत.

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर पाणीवाटपाची जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा घातला की काम संपले, असे त्या शेतकऱ्यांनी कधी मानले नाही. पाट साफ ठेवावे लागतात, पाळ्या लावाव्या लागतात आणि त्यासाठी पाटकरी नेमून त्याचा मोबदला सर्वांनी मिळून द्यावा लागतो. पाटकरी नसेल तर वरच्या शेताला पूर आणि शेवटच्या शेताला कोरड, हे ठरलेलेच!

संशोधनाच्या सामाईक यंत्रांचेही नेमके असेच आहे. यंत्रासाठी पैसा मिळतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. पण निर्वात पंप बदलणे, द्रवरूप नायट्रोजन आणणे, रात्रपाळीला जाणकार माणूस ठेवणे यांचे उद्घाटन होत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की यंत्राच्या संपूर्ण आयुष्याचा चालू खर्च मूळ योजनेतच धरलेला नसेल, तर ती योजना मंजूरच करू नये. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाची जागा कायम असावी व संशोधनाच्या श्रेयात त्याचाही वाटा असावा. आणि यंत्राचा काही वेळ लहान गावांतील महाविद्यालयांच्या प्रथमच येणाऱ्या संशोधकांसाठी राखून ठेवावा. गुणवत्तेची स्पर्धा मलाही मान्य आहे. परंतु ज्याने यंत्र कधी पाहिलेच नाही, त्याने उत्तम प्रस्ताव लिहावा तरी कसा?

आपल्या देशात याची बीजे आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन आहे आणि त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली किरणवाहिनीही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा आरंभ तर देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारी सामाईक सुविधा म्हणूनच झाला.

‘प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे नसताना कोट्यवधींची यंत्रे कशाला?’ असे कोणी विचारील. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण त्या केंद्रात उद्या पोहोचणारे औषध कोणत्या प्रथिनावर नेमके कोठे बसते, हे आज कोणीतरी शोधावेच लागते. शिवाय दहा संस्थांनी दहा मध्यम यंत्रे घेऊन ती धूळ खात ठेवण्यापेक्षा, दहा जणांनी मिळून एक उत्तम यंत्र रात्रंदिवस चालवणे हीच खरी काटकसर होय.

शिक्षकांना एक विनंती. भौतिकी घेतलेल्या मुलाला जीवशास्त्राचे दार बंद झाले, असे कृपया सांगू नका. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले वेंकटरामन रामकृष्णन बडोद्याहून भौतिकी घेऊनच पदवीधर झाले होते. त्यांच्या कामालाही सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण लागले. आणि विद्यार्थ्यांनो, सामाईक यंत्रातला एक वाटा तुमचा आहे. तो मागायला शिका, आणि मिळाला की पाट साफ ठेवायलाही.